बारावी झालेली मुले महाविद्यालयाच्या दारातून मागे का फिरतात?

सत्तरीची शिक्षिका:
गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. आमच्या वर्गांत गावडा आणि धनगर वाड्यांवरून येणारी मुले बरीच असून, त्यांतील बहुतेकांच्या घरात बारावीपर्यंत पोहोचलेले तेच पहिले असतात. दर वर्षी आम्ही मार्गदर्शन शिबिर घेतो, पाहुण्यांना बोलावतो, शिष्यवृत्त्यांची माहितीपत्रके वाटतो आणि मुलेही मन लावून ऐकतात. जूनमध्ये चौकशी केली की कळते, कोणी होंड्याच्या किंवा पिसुर्ल्याच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागले आहे, कोणी घरीच आहे. यंदा माझ्या विषयात वर्गात पहिली आलेली मुलगी मला वाळपईच्या बाजारात कापडाच्या दुकानात भेटली. हातात मीटरपट्टी, समोर गिऱ्हाईक. "टीचर, पुढच्या वर्षी बघते," एवढेच बोलली आणि पुन्हा कापड मोजू लागली. आमचे सांगणे कमी पडते की आम्ही भलतेच काही सांगतो आहोत, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

खोतीगावची:
टीचर, मी काणकोणची, वेळीप समाजातली आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर. आमच्या शाळेतही असे शिबिर झाले होते, पण त्यातले एक वाक्यही मला आज आठवत नाही. मी महाविद्यालयात गेले ती आमच्याच वाड्यावरच्या, माझ्याहून दोन वर्षे पुढे असलेल्या एका ताईमुळे. ती एका संध्याकाळी आमच्या घरी आली आणि माझ्याशी नव्हे, आईशी बोलत बसली. आईने तिला शिष्यवृत्तीबद्दल काहीच विचारले नाही. शेवटची कदंब, म्हणजे सरकारी बस, किती वाजता सुटते, ती चुकली तर पोर कोणाबरोबर येणार, दुपारी जेवते कुठे, हे तिचे प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरे त्या बसने रोज जाणाऱ्या मुलीलाच ठाऊक असतात.

दुसरी अडचण प्रवेशानंतर येते, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. आम्ही चौथीपर्यंत मराठीतून शिकलो. पाचवीपासून पुस्तके इंग्रजीत आली, तरी बारावीपर्यंत शिक्षक कोंकणी-मराठीतून समजावून देत, म्हणून निभावले. महाविद्यालयात अख्खा तास इंग्रजीत. पहिल्याच महिन्यात फळ्यावर असाइनमेंटची तारीख लिहिली होती. ती परीक्षा असेल असे समजून, अभ्यास झाला नाही म्हणून मी नेमकी त्याच दिवशी घरी राहिले. कोणाला विचारायचीही लाज वाटली. त्यानंतरच्या आठवड्यात मी शिक्षण सोडण्याच्या बेतात होते. तेव्हा शिबिराला अधिकारी बोलावण्यापेक्षा, सध्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेली त्याच वाड्यांवरची मुले बोलवा; एखाद्या विषयात नापास होऊन पुन्हा बसलेला असेल तर तो आधी बोलवा.

निवृत्त कारकून:
वरील अनुभव खरा आहे, परंतु कागदांकडे दुर्लक्ष करू नये. तालुक्याच्या कचेरीत माझा जन्म गेला, म्हणून सांगतो. गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत आले; गोव्यात त्यांना १२ टक्के आरक्षण आहे आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास केंद्राची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची, शिष्यवृत्तीही मिळते. धनगर मात्र त्या वेळी यादीत आले नाहीत, ते इतर मागासवर्गीयांत मोडतात. त्यामुळे तुमच्या वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना एकच माहितीपत्रक देऊन भागत नाही. ज्याला योजना लागू नाही, तो ती वाचून निमूटपणे उठून जातो. अशा मुलांसाठी उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी (गरजू विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्य) योजना आणि शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज यांचीही माहिती ठेवा.

जातीचा दाखला उपजिल्हाधिकाऱ्यांकडून, उत्पन्नाचा मामलेदारांकडून, शिवाय रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. सर्वांत जास्त अर्ज अडलेले मी पाहिले ते आडनावामुळे: बापाच्या कागदावर गांवकर, मुलाच्या जन्मदाखल्यावर गावडे. अशी दुरुस्ती आठवड्याभरात होत नाही. त्यातच प्रवेशाच्या दिवसांत काजूचा हंगाम चालू असतो आणि अख्खे घर बागायतीत असते. त्या वेळी रोजचे काम सोडून कचेरीत खेटे घालणार कोण? ही कामे अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा. आणखी एक, शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, पण बसचे भाडे पहिल्याच दिवशी लागते, हे पालकांना आधीच स्पष्ट सांगा.

डिचोलीकर:
थोडा विरोधी सूर लावतो. कारखान्यात गेलेल्या मुलाला शिक्षणाची ओढ नाही, असे गृहीत धरू नये. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि आमच्या भागातील कित्येक घरांत तेव्हापासून मुलाचा पगार हाच आधार आहे. त्या घरात जाऊन पदवीचे महत्त्व सांगणे मला तरी जमत नाही. मये येथील तंत्रनिकेतन, आयटीआय किंवा नोकरी सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठातून पदवी, हेही मार्ग समोर ठेवा. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार लागू झालेल्या पदवीच्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. तीन वर्षांच्या कल्पनेने बिचकणाऱ्यांना याचा धीर येतो. मात्र हे दार पहिल्याच दिवशी दाखवले की काही जण त्याच दाराशी जाऊन उभे राहतात, म्हणून सांगताना तारतम्य ठेवावे.

सत्तरीची शिक्षिका:
सर्वांचे आभार. काल कापडाच्या दुकानात भेटलेल्या त्या मुलीच्या घरी जाऊन आले. दाखले सगळे तयार, पत्र्याच्या पेटीत व्यवस्थित ठेवलेले. आईने मला चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला तो साखळीहून परतीच्या बसचाच. मला उत्तर देता आले नाही. केरी बाजूची, साखळीच्या सरकारी महाविद्यालयात सध्या दुसऱ्या वर्षाला असलेली एखादी मुलगी कोणाच्या ओळखीत असेल तर कृपया कळवावे. येत्या रविवारी तिला बरोबर घेऊन पुन्हा जाईन म्हणते.