मदत हवी आहे: अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचं जेवण थीम पार्कमध्ये दुपारपर्यंत थंड कसं ठेवायचं?

घाईतली_आई | सोमवार, रात्री ९:४०
शनिवारी पार्कला जायचंय. मुलाला अ‍ॅलर्जी आहे, तिथलं काहीच देता येत नाही, सगळं घरून न्यावं लागतं. गेल्या वेळी कूलर बॅग आणि आइस पॅक असूनही जेवायला बसेपर्यंत डबे कोमट. सगळं टाकून दिलं. कृपया "चांगली बॅग घ्या" सांगू नका, बॅग चांगलीच आहे. काय चुकतंय?

केवडा | सोमवार, रात्री ९:५२
अ‍ॅलर्जी कशाची? घर सोडल्यापासून जेवणापर्यंत किती तास? बाहेर तापमान किती? पॅक किती आणि किती वजनाचे? डब्यात काय होतं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

उगाच | सोमवार, रात्री १०:०५
दुधाची असेल तर लॅक्टोज-फ्री दूध न्या. टेट्रा पॅक बंद असेपर्यंत थंड ठेवावाच लागत नाही. प्रश्न संपला.

केवडा | सोमवार, रात्री १०:११
@उगाच, प्रश्न संपला नाही, वाढला. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. अ‍ॅलर्जी असते ती केसीन आणि व्हे या प्रथिनांची, आणि ती लॅक्टोज-फ्री दुधात जशीच्या तशी असतात. लॅक्टोज न पचणं वेगळं, दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी. असले सल्ले अ‍ॅलर्जीच्या धाग्यावर देऊ नका. आणि आता कोणीतरी येऊन शेळीचं दूध सुचवेल, तर तेही नको. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना ते चालत नाही.

घाईतली_आई | सोमवार, रात्री १०:३०
दूध आणि शेंगदाणा. सकाळी ७ ला निघतो, जेवण १:३० च्या आसपास. ऊन ३५ अंशांचं. जेल पॅक दोन, प्रत्येकी २०० ग्रॅम. डब्यात भात, शिजवलेल्या भाज्या, कापलेली फळं, मिळून साधारण ८०० ग्रॅम. भात सकाळी करते आणि पूर्ण गार झाल्यावरच भरते. आता सांगा.

तापमापक | सोमवार, रात्री १०:५८
"पूर्ण गार" म्हणजे हाताला गार, म्हणजे ३० अंश. खोट तिथेच आहे. हिशेब बघा.

१ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. तुमचे दोन पॅक मिळून ४०० ग्रॅम, म्हणजे साधारण १३० किलोज्यूल. ८०० ग्रॅम अन्न ३० वरून ५ अंशांवर आणायलाच ७० च्या पुढे लागतात. म्हणजे निम्म्याहून जास्त बर्फ घर सोडायच्या आधीच खर्ची पडला. उरलेला बॅगेच्या भिंतींनी खाल्ला. ३० × २० × २० सेंमीची, जेमतेम अर्धा सेंमी फोमची बॅग ३५ अंशांत तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळवते. दीड-दोन सेंमी फोम असेल तर तासाला १५० ग्रॅम. आकडे ढोबळ आहेत, पण ४०० ग्रॅममध्ये साडेसहा तास निघत नाहीत हे कळायला पुरेत.

तेव्हा बॅगेची भिंत चिमटीत धरून जाडी सांगा.

स्टीलचा_डबा | सोमवार, रात्री ११:२०
एवढं गणित कशाला? रुंद तोंडाचा निर्वात स्टील फूड जार घ्या. रात्रभर फ्रिजमध्ये थंड केलेलं अन्न, सकाळी जारमध्ये १० मिनिटं बर्फाचं पाणी, ते ओतून लगेच अन्न काठोकाठ. पॅक नको, पाणी सुटणं नको, वजन कमी. आणि थंडच का हवंय? गरम न्या. जारमध्ये उकळतं पाणी १० मिनिटं, ओता, वाफाळतं अन्न भरा, झाकण. जेवताना ६० अंशांच्या वर असलं की झालं.

केवडा | मंगळवार, सकाळी ७:०२
जार चांगलाच, पण दोन गोष्टी राहिल्या. एक, अर्धा भरलेला जार कामाचा नाही. आतली हवा काही थंडावा धरून ठेवत नाही, आणि झाकणातून गळती सगळ्यात जास्त. दोन, घरातला जुना जार असेल तर त्यात कधीतरी दूध गेलेलं असणार. झाकणातली रबरी रिंग सुरीच्या बोथट टोकाने काढून तिच्याखालची खाच बघा, हमखास थर सापडतो. या मुलासाठी जार वेगळाच हवा, नवा, झाकणावर खूण केलेला. आणि कापलेली फळं गरम जारमध्ये घालणार आहात का?

स्टीलचा_डबा | मंगळवार, सकाळी ७:१५
फळं न कापता न्या. अख्ख्या फळाला बर्फ लागत नाही. चाकू आत नेऊ देत नाहीत, तेव्हा हाताने सोलता येणारी.

टकमक | मंगळवार, सकाळी ८:४४
बर्फाशिवायचा उपाय: डब्याला ओलं सुती फडकं गुंडाळा, वाऱ्यावर राहू द्या. पाणी उडतं तसं आतलं गार होतं. फुकट.

तापमापक | मंगळवार, सकाळी ९:१०
@टकमक, गार होतं, पण ५ अंशांपर्यंत कधीच नाही. कोरड्या हवेत ३५ चं फार तर २०-२२. दमट हवेत तेवढंही नाही. ५ ते ६० अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा आहे, त्यात २२ म्हणजे चांगलंच आत. प्यायच्या पाण्याला ठीक, जेवणाला नाही.

टकमक | मंगळवार, सकाळी ९:१८
फ्रिज नव्हते तेव्हा लोक जेवत नव्हते का?

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ९:३१
जेवत होते आणि आजारीही पडत होते. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात. उलट्या घडवणारं ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, आणि वासावरून कळत नाही. वर अ‍ॅलर्जीच्या मुलाला उलटी झाली की ती अन्नामुळे की अ‍ॅलर्जीमुळे, हा घोळ पार्कच्या मधोमध कोण निस्तरणार?

@घाईतली_आई, भात आदल्या संध्याकाळी करा. परातीत दोन बोटं जाडीचा पसरा, तासाभरात फ्रिजमध्ये, रात्रभर तिथेच. डबा फ्रिजमधून थेट बॅगेत जायला हवा. ओट्यावर ठेवून बाकीची आवराआवर करायची नाही.

उगाच | मंगळवार, सकाळी १०:०३
यूएसबीवर चालणारे छोटे कूलर मिळतात, पॉवर बँक लावा.

तापमापक | मंगळवार, सकाळी १०:२०
ते पेल्टिए पद्धतीचे, म्हणजे वीज दिली की पट्टीची एक बाजू गार, दुसरी गरम. बाहेरच्यापेक्षा १५-२० अंश कमी, बस्स. ३५ मधून १५-२० वर येणार, ५ वर नाही. आणि यूएसबीवर मिळते तेवढ्या विजेत तेही जेमतेम. शिवाय पॉवर बँक तिकिटांसाठी आणि फोनसाठी लागतेच.

मेघना_७ | मंगळवार, दुपारी १२:४०
ड्राय आइस का नाही वापरत कोणी? उणे ७८ अंश, पाणीही सुटत नाही.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी १२:५५
कारण गेटवरच काढून घेतील. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या नियमांत सुटा बर्फ आणि ड्राय आइस दोन्हीला मनाई आहे, आणि २४ × १५ × १८ इंचांपेक्षा मोठा कूलर आत जात नाही. बाकी पार्कांचे नियम वेगवेगळे, आपल्या पार्कचे संकेतस्थळावर वाचून घ्यायचे. शिवाय ड्राय आइसची वाफ म्हणजे कार्बन डायऑक्साइड. बंद गाडीत धोका, घट्ट झाकणाच्या डब्यात स्फोट, आणि हात लागला तर भाजल्यासारखी जखम. मुलाच्या डब्याशेजारी नकोच.

घाईतली_आई | मंगळवार, दुपारी ३:१०
बॅगेची भिंत जेमतेम अर्धा सेंमी निघाली, मान्य. आता शनिवारपर्यंत काय करू ते एकदा सांगा. लॉकरमध्ये ठेवली तर चालेल का? अ‍ॅलर्जीचा जोरदार झटका आला तर टोचायची औषधाची पेनं पण त्याच बॅगेत असतात, उन्हाने खराब होऊ नयेत म्हणून, तेव्हा लॉकर लांब नको.

केवडा | मंगळवार, दुपारी ३:१४
थांबा. कसली पेनं? अ‍ॅड्रिनालिनची?

घाईतली_आई | मंगळवार, दुपारी ३:२०
हो, दोन. आइस पॅकच्या बाजूच्या कप्प्यात.

केवडा | मंगळवार, दुपारी ३:३८
जेवणाचं राहू दे, हे आधी. अ‍ॅड्रिनालिनचं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, गोठवायचं तर नाहीच. ते २० ते २५ अंशांत राहायला हवं, प्रवासात थोडा वेळ १५ ते ३० चालतं. फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे १८ चा असतो, त्याला टेकलेलं पेन गोठू शकतं.

आजच दोन्ही पेनांच्या खिडकीतून द्रव बघा. तपकिरी, गढूळ किंवा कण दिसले तर बदला. स्वच्छ दिसलं तरी, पेनं पॅकला लागून राहिली होती हे औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना सांगून विचारा, शनिवारच्या आधी. मुदतीची तारीखही बघून घ्या.

आणि लॉकर नाहीच. दोन्ही पेनं एकत्र, मुलाबरोबर असलेल्या मोठ्या माणसाच्या अंगावर. मूल राइडवर असेल तेव्हा पेनवाला माणूस खाली बाहेर पडायच्या दाराशी. मोठी माणसंही राइडवर बसणार असतील तर पेन कोणाच्या हातात राहणार हे रांगेत शिरायच्या आधी ठरवा, कारण बऱ्याच राइडवर खिशातल्या वस्तू काढून ठेवायला लावतात.

टकमक | मंगळवार, दुपारी ४:०५
आता माझं ओलं फडकं चालेल की नाही? २०-२२ म्हणालात ना.

तापमापक | मंगळवार, दुपारी ४:२२
चालेल, इथे तुमचंच बरोबर. पाण्यात भिजवून वापरायच्या औषधाच्या थंड पिशव्या याच तत्त्वावर असतात. १० मिनिटं भिजवायची, बाहेरून पुसायची, पेन त्याच्या नळीसकट आत. पण पिशवीला वारा लागायला हवा. सॅकच्या तळाशी कोंबली तर पाणी उडत नाही आणि थंडावाही येत नाही. दमट हवेत पेन नुसत्या जाड, बिनबर्फाच्या पाउचमध्ये, सावलीत. गाडीत सोडायचं नाही, बंद गाडी उन्हात ५० च्या वर जाते. त्याच कारणाने जेवणाची बॅगही गाडीत ठेवायच्या भानगडीत पडू नका.

घाईतली_आई | मंगळवार, दुपारी ४:३०
बापरे. पेनं काढली बॅगेतून. द्रव स्वच्छ दिसतोय, संध्याकाळी विचारून येते. जेवणाचं?

तापमापक | मंगळवार, रात्री ८:४५
बर्फ किमान सव्वा किलो. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, प्रत्येकी ४५० मिली भरून. बर्फ होताना पाणी ९ टक्के फुगतं, काठोकाठ भराल तर बाटली फुटेल. त्यात तुमचे दोन जेल पॅक. सगळं फ्रीझरमध्ये पूर्ण २४ तास, एकावर एक न रचता. गुरुवारी रात्रीच ठेवून द्या. सुटा बर्फ नाही, त्यामुळे गेटवर अडायला नको, आणि जेवणानंतर बाटल्यांतलं पाणी पिता येतं.

बॅग दीड-दोन सेंमी फोमची उसनी मिळते का बघा. नाहीच मिळाली तर आहे ती बॅग जाड टॉवेलमध्ये गुंडाळून सॅकमध्ये घाला. टॉवेल कोरडा राहायला हवा, पाण्याच्या राइडनंतर आठवणीने बघा. पातळ बॅगेला मात्र सव्वा किलोही अपुरा पडेल, मग दोन किलोच्या जवळ जा.

रचना: तळाशी एक पॅक, बाजूंना बाटल्या, मध्ये डबे, वर दुसरा पॅक. वरचा विसरू नका, थंड हवा खाली बसते आणि चेन वर असते. मोकळी जागा राहिली तर फडकी कोंबा. बॅगही रात्रभर रिकामी, उघडी, फ्रिजमध्ये किंवा घरातल्या सगळ्यात गार खोलीत. अन्न ४ अंशांवरचं. मधल्या वेळचं खाणं आणि पाणी दुसऱ्या बॅगेत, म्हणजे ही चेन १:३० ला एकदाच उघडेल.

स्टीलचा_डबा | मंगळवार, रात्री ९:०२
दोन किलो बर्फ खांद्यावर घेऊन दिवसभर! जार ७०० ग्रॅमचा असतो.

अनुस्वार | मंगळवार, रात्री ९:३०
बॅगेत फक्त या मुलाचं जेवण. बाकीच्यांचं त्यात नको. पॅकवर दव जमतं, तळाशी पाणी साचतं, आणि दुसऱ्याच्या डब्यातलं सांडलेलं त्या पाण्यातून पसरतं. मुलाचा प्रत्येक डबा चेनच्या पारदर्शक पिशवीत. तपासणीला बॅग उघडतील तेव्हा "अ‍ॅलर्जीचं जेवण आहे" आधीच सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी वरच्या खिशात ठेवा आणि डबे पिशवीतूनच दाखवा. जेवणाआधी हात साबणाने किंवा ओल्या वाइप्सने. सॅनिटायझर जंतू मारतं, शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. टेबलही पुसा, त्यासाठी वाइप वेगळा.

मेघना_७ | मंगळवार, रात्री ९:४१
विमानात हेच जेवण नेता येतं का? आम्हाला पुढच्या महिन्यात...

केवडा | मंगळवार, रात्री ९:४४
नवा धागा काढा हो. विमानतळावर अर्धवट वितळलेल्या पॅकचं गणित वेगळं असतं.

घाईतली_आई | गुरुवार, संध्याकाळी ६:१५
दीड सेंमीची बॅग मिळाली. फ्रीझरमधल्या नेहमीच्या बर्फाच्या पिशव्यांनी वजन जमवून आज गॅलरीत चाचणी घेतली, बाहेर ३४ होतं. वायरचा थर्मामीटर वरच्या कोपऱ्यात ठेवला. ५ तासांनी ७ अंश, साडेसहा तासांनी ९! सव्वा किलो बर्फ होता की.

तापमापक | गुरुवार, संध्याकाळी ६:३२
टोक हवेत लटकत होतं की डब्यात? आणि वर पॅक होता का?

घाईतली_आई | गुरुवार, संध्याकाळी ६:४०
हवेत. वर पॅक नव्हता, बॅगेची चेन लागत नव्हती म्हणून खाली सरकवला.

तापमापक | गुरुवार, संध्याकाळी ६:५१
मग तो आकडा हवेचा आहे, अन्नाचा नाही. टोक फ्रिजमधल्या पाण्याच्या छोट्या डब्यात बुडवा, तो डबा बर्फापासून सगळ्यात लांब ठेवा. आणि चेन लागत नसेल तर एक डबा कमी करा, पॅक नाही. उंच डब्याऐवजी दोन चपटे घ्या.

अनुस्वार | गुरुवार, संध्याकाळी ७:०५
शनिवारी ते टोक बॅगेतच असू द्या. जेवताना ५ च्या आत असेल तर निर्धास्त. वर गेलं असेल तर किती वेळ वर होतं ते महत्त्वाचं: दोन तासांपर्यंत ठीक, बाहेर ३२ च्या वर असेल तर एकच तास. वेळ माहीत नसेल तर भात टाकायचा, अख्खी फळं खायची. आणि सीलबंद, लेबल वाचून घेतलेलं एक कोरडं जेवण सॅकमध्ये वेगळं ठेवाच.

घाईतली_आई | शुक्रवार, दुपारी ४:५०
चपट्या डब्यांनी चेन लागली. साडेसहा तासांना ४.२. एक पेन बदलून मिळालं, दुसरं चालेल म्हणाले. उद्या सकाळी डबे भरताना फक्त एक शंका: फळं भाताच्या वर की खाली?

केवडा | शुक्रवार, दुपारी ४:५८
भात तळाच्या पॅकवर. फळं वर.

स्टीलचा_डबा | शुक्रवार, संध्याकाळी ५:१०
फळं अख्खी न्या म्हटलं होतं.