मनपाच्या शाळेला मदत येते, पण पाहिजे ती येत नाही. काय करायचं?

पेठेतला_बाप
मंडळी जरा सल्ला पाहिजे. पोरगी कोल्हापूर मनपाच्या शाळेत सहावीला हाय आणि यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलंय. आमच्याकडं बहुतेक आईबाप हातावर पोट असणारे, कोण मार्केट यार्डात हमाल, कोण धुणीभांडी करतंय, कोण चांदीकामाला. आता मदत येतच नाही असं नाही बरं का, जूनमध्ये तीन ठिकाणाहून वह्या आल्या, दप्तरं दोनदा. एका पोराकडं दोन नवी दप्तरं हायत आणि त्याच पोराला फळ्यावरचं दिसत नाही, चष्मा कुणीच दिला नाही. दोन पोरी दिवाळीनंतर यायच्या बंद झाल्या, घरी जाऊन बघितलं तर धाकट्या भावाला सांभाळत बसलेल्या. आणि फोटो काढून गेलेले लोक परत जूनलाच दिसणार.
अमेरिकेत म्हणे कम्युनिटी स्कूल असतात, शाळेतच दवाखाना, संध्याकाळी अभ्यास, आईबापांसाठी पण वर्ग आणि हे सगळं जुळवायला एक माणूसच नेमलेला. आपल्याकडं असलं काय जमेल का? शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातनं समाजकामाला द्यायचा पैसा, मिळतो म्हणतात, अर्ज कुठं करायचा?

फौंड्रीवाला
भावा, सीएसआरचा नाद सोड. 2013 च्या कंपनी कायद्यात तो 2 टक्क्यांचा नियम हाय तो 5 कोटी नफा, नाहीतर 1000 कोटी टर्नओव्हर, नाहीतर 500 कोटी नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना. आमच्यासारख्या फौंड्र्यांना तो लागूच नाही, तू प्रपोजल घेऊन आलास तर आम्ही चहा पाजून पाठवणार. त्यापेक्षा मालकाला सरळ भेट आणि एकच गोष्ट माग, नेमकी. 'शाळेला मदत करा' म्हटलं की वह्याच येतात, कारण देणाऱ्याला दुसरं काय सुचत नाही! 'अकरा पोरांचे चष्मे, हे दुकान, एवढं बिल' म्हटलं की खिशातनं निघतात. आणि माझ्याकडं इलेक्ट्रिशियन हाय, त्याला महिन्यातनं एक दिवस शाळेत पाठवतो, पंखे, मोटर बघेल. पैसे मागू नका, माणसं मागा.

खडूवाल्या_बाई
मी शिक्षिका आहे (शाळा सांगत नाही). चष्म्याला मालकाकडे जायच्या आधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं सरकारी पथक कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारा, वर्षातून एकदा शाळेत तपासणी होते आणि पुढे सरकारी दवाखान्यात पाठवतात. घोळ पुढेच होतो, चिठ्ठी दप्तरातच राहते, कारण आईचा दिवस बुडतो. तिथे पोराला घेऊन जाणारं कोणीतरी पाहिजे, बस्स एवढंच.
त्या मुलींचं, धाकटा तीन वर्षांचा झाला असेल तर अंगणवाडीत घाला. लहान असेल तर अवघड आहे, खोटं कशाला सांगू.
दुसरं, एनएमएमएस (NMMS), म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, लागली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, उत्पन्नाची अट साडेतीन लाख. पण आपली शाळा सातवीला संपते आणि पोर अनुदानित हायस्कूलला गेलं की ना इकडचे लक्ष देतात ना तिकडचे. सातवीतच तयारी घ्या, आधार आणि बँकेतलं नाव एकच आहे का बघा, स्पेलिंगवरून अडकलेली मुलं मी बघितलीत.
आणि दादा, शैक्षणिक उठावात, म्हणजे लोकांकडून शाळेला मिळणाऱ्या मदतीत, काहीही आलं तरी समितीचा ठराव करा, स्टॉक रजिस्टरला नोंद करा, नंतर कुणी बोट दाखवायला नको. समितीत निम्म्या बायका असाव्यात असं कायद्यात आहे, पण मीटिंग दुपारी बाराला ठेवली तर कामावरची बाई येणार कशी?

तालीमवाला_पोरगा
आमच्या तालमीचा वरचा हॉल संध्याकाळी 6 ते 8 रिकामाच असतो, इंजिनिअरिंगची दोघं पोरं गणित घ्यायला तयार हायत. फक्त गणपतीच्या महिन्यात ढोलाचा सराव, तेव्हा नाही जमणार.

खडूवाल्या_बाई
@तालीमवाला_पोरगा चांगलं आहे, पण सातवीच्या मुलींना घरचे तालमीत पाठवणार नाहीत. शाळेचीच खोली उघडी ठेवा, तुमची पोरं तिकडे येऊ देत.

जुना_कोल्हापूरकर
अमेरिका कशाला पाहिजे? 1901 पासून शाहू महाराजांनी इथं पोरांना राहून शिकायला बोर्डिंगं काढली, दरबारानं जागा-पैसा दिला आणि चालवायला त्या त्या समाजाची माणसं उभी केली. 1917 ला शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला न पाठवणाऱ्या बापाला महिना 1 रुपया दंड! आता दंड लावायचा तर कुणाला लावणार, जरगनगरच्या मनपा शाळेत प्रवेशाला आईबाप रांगा लावतात.

पेठेतला_बाप
सगळ्यांचे आभार. बाई तुमचं पटलं, मीटिंग रात्री साडेआठला ठेवतो. फौंड्रीवाले दादा, इलेक्ट्रिशियन शनिवारी पाठवा, सकाळची शाळा असते, अकरानंतर वर्ग मोकळे. पोरांना दवाखान्यात न्यायला दोन रिक्षावाले तयार झालेत, पण मुलींसोबत जायला कुणीतरी बाई पाहिजे. मंगळवार पेठेच्या बाजूला कोण हाय का?