जनआरोग्य योजनेच्या खर्चावर विधिमंडळाची देखरेख कशी असते?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण प्रति कुटुंब दीड लाखांवरून पाच लाख रुपयांवर गेले, याचे समाधान आहे. मात्र मोफत उपचारांच्या खर्चाच्या दाव्यांपोटी रुग्णालयांना दिल्या जाणाऱ्या पैशांचा हिशेब आमदार नेमका केव्हा आणि कसा तपासतात?

उत्तर १: खर्चापूर्वी अनुदानाच्या मागण्या (खात्यांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमा) विधानसभेत मंजूर व्हाव्या लागतात, तरतूद अपुरी पडल्यास पुरवणी मागण्या येतात, आणि त्या वारंवार येत असतील तर मूळ अंदाजच चुकला का, हे विचारायलाच हवे. खर्चानंतर राज्यघटनेच्या कलम १५१ नुसार कॅगचा (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळासमोर येतो आणि आमदारांची लोकलेखा समिती त्यावर खात्याच्या सचिवांची साक्ष घेते. खरी कसून तपासणी तिथे होते, पण बऱ्याच उशिरा.

उत्तर २: अशा परीक्षणाचे मोल केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत दिसले. २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात एकाच मोबाइल क्रमांकाशी सुमारे साडेसात लाख लाभार्थी जोडलेले आढळले. हा प्रत्यक्ष अपहाराचा पुरावा नव्हे. तथापि नोंदीच इतक्या ढिल्या असतील तर दाव्यांवर विश्वास कसा ठेवावा?

उत्तर ३: अहवालाची वाट पाहत बसू नका. आपल्या आमदारांना तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) विचारण्याची लेखी विनंती करा: कोल्हापूर जिल्ह्यात किती दावे मंजूर झाले, किती नाकारले, किती रक्कम थकली आणि कोणत्या रुग्णालयांवर कारवाई झाली. थकबाकी वाढली की रुग्णालये रुग्ण घ्यायला कां-कू करतात, म्हणून तो आकडा आधी मागा.