मदत हवी आहे: क्लच सेट बदलल्यावर रिव्हर्स टाकताना कर्र आवाज

गाडी मारुती 800, केबलचा क्लच. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि केबल, सगळं नवीन. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. इंजिन चालू केलं की पहिला अडतो आणि रिव्हर्सला दातावर दात घासतात. पेडल पूर्ण दाबून 5 सेकंद थांबलं तरी तेच, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये (इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाहीये).

पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधी पेडल मोकळं हलतं ते अंतर) आधी 30 मिमी होता, केबलचा नट आवळून 15 वर आणला. थोडा फरक पडला, पण अजून आवळायचं नाही. फ्री प्लेच राहिला नाही तर बेअरिंग कायम फिरत राहील आणि प्लेट घसरून जळेल.

बसवताना प्लेटच्या स्प्रिंगचा फुगीर भाग प्रेशर प्लेटकडेच ठेवला होता. प्लेट मधोमध बसवायचं काम (सेंटरिंग) डमी शाफ्टने केलं, बोल्ट आडवे-उभे थोडेथोडे आवळले. शंका दोनच: रिलीज शाफ्टचे (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याचे) बुश झिजलेत, किंवा त्या शाफ्टवरचा बाहेरचा आर्म, ज्याला केबल ओढते, एक दात चुकून बसलाय. प्लेट वाकडी निघाली तर मात्र गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं आलंच (जॅकवर, एकट्याने, नको!).

न उतरवता यातलं नेमकं कोणतं, हे कसं ओळखायचं? पेडल पूर्ण दाबल्यावर आर्मचं टोक किती मिमी हलायला हवं? आणि रविवारी भेटीला येणाऱ्यांपैकी कोणाकडे डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं साधन) असेल तर घेऊन या.