सकाळचा अर्धा तास गेला आणि तुम्ही म्हणता ‘अ‍ॅप घ्या’

वहीवाली

परवा ‘शिवार’ यांनी लिहिलं होतं: “आकाशवाणी केंद्राने सकाळचं शास्त्रीय संगीत काढून फर्माइशी गाणी लावली तर एवढं काय आभाळ कोसळलं? ऐकणारी टाळकी पाच-पंचवीस. त्यांच्यासाठी मोबाइलवर सगळं फुकट पडलंय. अ‍ॅप घ्या आणि ऐका. रेडिओ जनतेचा आहे, बैठकीतल्या लोकांचा नाही.” दोन दिवस गप्प बसले. आज लिहितेच.

आमच्या घरात बैठक नव्हती. माहेर सेलू तालुक्यात, वडील जिनिंगवर हमाल. गोठ्यातल्या मेढीला आईचा ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा, कातडी कव्हरातला. परभणी 1305 किलोहर्ट्झला लागायची. आईला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून तिने काचेवर बरोबर त्या जागी कुंकवाचा ठिपका लावला होता. पुसट झाला की नवा. सेल उतरले की ते चुलीपाशी, नाहीतर उन्हात.

धारा काढता काढता भक्तिगीतं संपायची आणि निवेदिका सांगायची, “आता ऐकू या राग अहिरभैरव, विलंबित एकताल आणि द्रुत तीनताल.” आम्ही कोणी मागितलं नव्हतं. पण आईचे हात दुधात, माझे शेणात, बंद करायला कोण उठणार? असं महिनोन्‌महिने कानावर पडत राहिलं. मग मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागले: तारीख, राग, गाणारे, ताल. नववीत असताना एका सकाळी निवेदन हुकलं, गाणं मधूनच सुरू झालं. बुवा मध्यमावरून उतरत कोमल रिषभावर येऊन टेकले आणि मी ओरडले, “आई, हा तोच!” आई म्हणाली, “कोण तोच? कोण आलं?”

अ‍ॅपवर शोधायला आधी नाव माहीत असावं लागतं हो. मला अहिरभैरव हे नाव रेडिओने दिलं. गोठ्यातली पोरगी कुठल्या यादीत, काय म्हणून टाइप करणार होती?

सध्या राहते तिथल्या केंद्राने दोन महिन्यांपासून सकाळचा अर्धा तास बंद केला. रात्री दहानंतर आपल्या भागातल्या कलाकारांचं गायन-वादन असायचं, तिथे सहक्षेपण, म्हणजे बाहेरच्या केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा जोडलेला. आणि गेल्या गुरुवारी सकाळी साडेदहाला, मधली जागा भरायला म्हणून, राग मालकंस लावला. सात मिनिटं. तान वर चढली आणि तिथेच जाहिरात. मी केंद्राला पत्र लिहिते आहे. ज्यांना सही करायची त्यांनी सांगा.

शिवार

ताई, मी जनतेचा म्हटलं त्यावर ठाम आहे. तुमची गोठ्याची गोष्ट खरी, माझीही ऐका. आमचं गाव जालना जिल्ह्यात. वडील रेडिओ लावायचे हवामानासाठी आणि बाजारभावासाठी. भाव संपले की खट्‌कन बंद, कारण सेल विकत आणावे लागत. 2013 च्या उन्हाळ्यात आमची मोसंबीची बाग वाळली. तीनशे झाडं. टँकरने पाणी घालून घालून शेवटी तोडली, दोन वर्षं घरात तेच सरपण जळलं. त्या सकाळी रेडिओवर कोणी तोडी राग गात असेल तर मी त्याचं काय करायचं होतं?

आणि हे लोकांच्या गळी उतरवणं पूर्वीही झालंय. 1952 मध्ये केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली. झालं काय? सगळा देश रेडिओ सिलोनला काटा लावून बसला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढावी लागली. लोकांना काय हवं ते लोकांनी काटा फिरवून सांगितलं. तुम्ही अजून तेच भांडण भांडताय.

उदगीरकर

केसकरांचं एवढंच सांगून सोडू नका. त्याच काळात, 1952 मध्ये, संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि 1954 मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन. आमच्या उदगीरला मोठा गवई यायचा तो दहा वर्षांतून एकदा. संमेलनाच्या रात्री मात्र तो घरात यायचा. गाण्यांवरची बंदी चूक होती, मान्य. म्हणून हेही चूक ठरत नाही.

पण वहीवाली यांनी शेवटी जे लिहिलं ते सगळ्यांनी वाचून सोडून दिलं. सकाळी साडेदहाला मालकंस! रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचा, मध्यरात्रीनंतरचा राग. अर्धा तास काढला त्यापेक्षा मला हे जास्त लागलं. वेळ काढली तर म्हणता येतं, पैसा नव्हता, वरून आदेश होता. सकाळी मालकंस लावणाऱ्याला आपण काय लावतोय हेच ठाऊक नाही. सारंगाच्या वेळेला सारंग, मारव्याच्या वेळेला मारवा, हे ज्या घरात कोणी शिकवलं नाही त्या घरालाही रेडिओने शिकवलं होतं.

बी_हाय

मी तबल्याचा श्रेणीप्राप्त कलाकार, म्हणजे आकाशवाणीची ध्वनिचाचणी पास झालेला. रेडिओवर बरीच वर्षं साथ केली. उदगीरकरकाका, राग मानू नका, पण तुम्ही रात्री दिवा मालवून जो मालकंस ऐकायचात, तो आम्ही दुपारी बारा वाजता वाजवलेला असायचा. स्टुडिओत ध्वनिमुद्रण कचेरीच्या वेळेत. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत गायिका डोळे मिटून मध्यरात्र उभी करायची. एकदाही वाटलं नाही की राग बिघडला. कर्नाटक संगीतात वेळेचं बंधन आपल्याइतकं पाळत नाहीत, तिथे काही संगीत बुडालं नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. पूर्वी वर्षातून चारदा बोलावणं यायचं. आता तीन वर्षांत एकदा आलं. श्रेणी मिळवायला मी दोनदा ध्वनिचाचणीत नापास झालो, तिसऱ्यांदा पास. त्या कागदाचं आता करू काय? त्याच्यावर कोणीच बोलत नाही, सगळे घड्याळ बघतायत.

उदगीरकर

तुम्ही दुपारी वाजवलंत हा तुमचा नाइलाज. आम्ही रात्री ऐकलं ही आमची साधना. दोन्ही एकच कसं? जेवण सकाळीच रांधतात म्हणून रात्रीचं जेवण सकाळी जेवतात का? संधिप्रकाशाचे राग बघा, कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार, सूर्य उगवतीला नाहीतर मावळतीला. मनात येईल तसं हे ठरलेलं नाही.

काकडा

म्या अंबाजोगाईकडला. भजनी. तुमचं दोगायचं लई येळ वाचायलो. घड्याळाचं भांडण तुमी आता करायलाव, आमच्या देवळात त्याचा निकाल कवाच लागलाय. काकड्याला भूपाळ्या, शेवटाला भैरवी. रातच्या दोनला भजन संपलं तरी भैरवीच, सकाळच्या धाला संपलं तरी भैरवीच. कोन म्हनलं का की येळ चुकली? संपलं मून भैरवी. राग कामाला बांधलेला आसतोय, काट्याला नाही.

आन रेडिओवाल्यायचं लई कौतुक करू नका. ज्या पेटीवर आमचं आख्खं भजन हुबं, त्या पेटीला 1940 ला रेडिओत बंदी घातली. मीड, मंजी एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जानं, निघत नाही म्हनून. तीस वर्सं! गावातला मानूस पेटीवर सूर शिकला आन रेडिओ त्याला म्हनायला, तुझा सूर सूर न्हाई.

उदगीरकर

पेटीचा आक्षेप खोटा नव्हता, तिच्यावर श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, लागत नाहीत हे आजही खरं आहे. आणि भजनाचा मुद्दा इथे कशाला? आपण शास्त्रीय संगीताबद्दल बोलतोय. भजन हे भजन. त्यात रागाची शुद्धता कोण बघतो?

काकडा

हे बोलायलाव ते तोंड सांभाळून बोला. शंकरबापू आपेगावकर कोन होते? आमच्या अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे. हातात वारकऱ्याचा मृदंग. त्याच हातानं पखवाज वाजवून पद्मश्री मिळवली. त्यायनी कोनत्या दारातून शास्त्रीय आत आनलं? देवळाच्या. माझ्या चुलत्यानं पन्नास वर्सं पखवाज लावला. कनकीचा गोळा डाव्या तोंडावर किती घालायचा ते बोटाला कळायचं, मोजायला वाटी लागली न्हाई. चौताल, धमार हे ताल मुखोद्गत. त्याला चाचनीला बोलावलं तवा समोरच्यायनी इचारलं, गुरू कोन, कोनतं घरानं. तो म्हनला, माउलीचं. त्याला ‘लोकसंगीतात अर्ज करा’ म्हनून परत लावलं. तवापासून त्यानं रेडिओ ऐकला न्हाई. मरस्तोवर.

तुमी वर लिवलंय बगा, ‘त्यात शुद्धता कोन बघतो’. आमी बघतो. तुमी बघत न्हाईत.

वहीवाली

उदगीरकर, ते वाक्य तुम्ही मागे घ्यावं असं मला वाटतं. आणि आपण आता कुठे येऊन पोचलो ते सगळ्यांनीच वर जाऊन वाचा. सकाळचा अर्धा तास कोणालाच आठवत नाही.

उदगीरकर

शब्द कठोर झाला. मागे घेतो. वेळेबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. वडिलांनी पहाटे उठवून राग ललित ऐकवला होता, तो दुपारी ऐकून कळला नसता. भैरवीबद्दल काकडा म्हणतात ते खरं आहे, ती आपण केव्हाही गातो. पण तो अपवाद.

शिवार

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वरचं सगळं वाचून काल रात्री अ‍ॅप उतरवलं. विहिरीवर मोटार चालू करायला दोन वाजता जावं लागतं, लाइट तेव्हाच असते. आकाशवाणीची ‘रागम्’ वाहिनी लावली, 26 जानेवारी 2016 पासून चालू आहे म्हणतात, चोवीस तास. बांधावर नेटवर्क एक कांडी. चार सूर आले, मग गोल फिरत राहिलं. परत दोन सूर. मी ‘सगळं फुकट पडलंय’ लिहिलं होतं ते घरात वायफायजवळ बसून लिहिलं होतं. तेवढं चुकलं. तिथे हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही लागतं, आपल्या भागाचं कोणी असेल असं धरून बसता येत नाही. हेही मान्य.

पण माझा मूळ मुद्दा जागेवर आहे. केंद्राने शेतीचा कार्यक्रमही कमी केलाय, आणि त्यासाठी या धाग्यावर एकानेही पत्राचं नाव काढलं नाही. बाजारभाव गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?

बी_हाय

हे मात्र बरोबर बोललात. आमचा अर्धा तास आणि तुमचे भाव एकाच कात्रीने कापले. स्थानिक निवेदक, स्थानिक ध्वनिमुद्रण, शेतकऱ्याची मुलाखत, या सगळ्याला माणूस लागतो. सहक्षेपणाला खटका दाबणारा एक पुरतो. निजामाच्या काळात औरंगाबादला स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. 1950 मध्ये ते आकाशवाणीकडे आलं आणि पुढे बंदच पडलं. त्यानंतर मराठवाड्याला स्वतःच्या आवाजासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं होतं. मिळालेलं केंद्र खटक्यावर आलं तर पुन्हा कोण देणार आहे?

काकडा

पत्रात पखवाज लिवनार आसाल तर माजी सही घ्या. ‘शास्त्रीय’ येवढंच लिवलं तर नको.

वहीवाली

लिहिलं. मसुदा असा झालाय: सकाळी सहा पंचेचाळीस ते सव्वासात शास्त्रीय, त्यात आठवड्यातून एक दिवस देवळातल्या परंपरेचे पखवाज आणि गायन, तेही शास्त्रीय याच नावाखाली. त्याआधी हवामान आणि बाजारभाव, ते कापायचे नाहीत. रात्रीचा एक तास आपल्या पाच-सहा जिल्ह्यांतल्या श्रेणीप्राप्त कलाकारांना. निवेदनात राग आणि ताल सांगायचेच, गाणं संपल्यावर पुन्हा एकदा सांगायचे, कारण कोणीतरी मधूनच ऐकायला लागलेलं असतं. मधली जागा भरायला ख्याल कापून लावायचा नाही. लावायचाच असेल तर वेळेचा राग लावावा. हे शेवटचं उदगीरकरांसाठी घातलंय, बी_हाय यांचा विरोध नोंदवून.

बी_हाय

विरोध नोंदवलात, म्हणून सही.

शिवार

माझी सही नको, मी शेतीच्या कार्यक्रमाचं वेगळं पत्र देणार आहे. तुमच्या पत्रात हवामान आधी आलंय, ते तसंच राहू द्या. ताई, तो कुंकवाच्या ठिपक्याचा ट्रान्झिस्टर अजून आहे का?

वहीवाली

आहे. भावाकडे. काच फुटलीय, पण 1305 ला काटा थांबतो. पत्र सोमवारी टाकते, तुमचंही त्याच पाकिटात घालायचं असेल तर रविवारपर्यंत पाठवा.