मदत हवी आहे: रस्त्यात विनादिवा उभ्या ट्रकवर मागून धडक, जबाबदारी कोणाची?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पावणेबाराच्या सुमारास पुणे-सोलापूर महामार्गावर माझ्या दाजींची मोटारसायकल एका उभ्या ट्रकवर मागून आदळली. पुढची बस एकाएकी उजवीकडे वळली आणि तिच्या आड असलेला ट्रक त्यांना अगदी जवळ गेल्यावरच दिसला. मांडीच्या हाडात सळई घालावी लागली असून वेल्डिंगच्या कामावर ते अजून जाऊ शकत नाहीत.

सिमेंटच्या गोण्यांनी भरलेल्या त्या ट्रकचा पाटा (चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग) तुटला होता, म्हणून चालकाने तो निम्मा डांबरावर आणि निम्मा साइडपट्टीवर सोडला होता. मागे इशारा म्हणून दोन दगड आणि बाभळीची एक फांदी, एवढेच. मागचे दिवे बंद होते आणि रिफ्लेक्टरची पट्टी लोंबत्या ताडपत्रीखाली झाकली गेली होती. भाच्याने तासाभरात काढलेल्या फोटोंत हे स्पष्ट दिसते. पंचनामा मात्र दुसऱ्या दिवशी, ट्रक क्रेनने हलवल्यानंतर झाला, त्यामुळे त्यात दिव्यांचा उल्लेखच नाही. फिर्यादही ट्रकचालकानेच दिली असून ती दाजींनी गाडी भरधाव चालवल्याची आहे.

‘मागून धडकला तोच दोषी’ असे भेटेल तो सांगतो. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन सार्वजनिक ठिकाणी सोडण्यास मनाई आहे. शिवाय रात्री रस्त्यात विनादिवा उभ्या असलेल्या गॅस टँकरवर मोटार आदळल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोटारचालकाच्या माथी दोष मारला नव्हता. आमच्या प्रकरणात विमा कंपनी निम्मी चूक दाजींची धरून भरपाई कापू पाहत आहे. दाजींविरुद्धचा गुन्हा मोटार अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे आम्हाला कितपत नडेल?

मालक म्हणतात की पाटा अचानक तुटला, त्यात कोणाचाच दोष नाही. मला हे पटत नाही. क्लीनर त्या रात्रीच बोलून गेला होता की माल ‘जरा जास्तच’ होता, आणि क्षमतेबाहेर भरलेल्या गाडीचा पाटा तुटणे यात अचानक असे काही नसते. जादा मालासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, पण येथे अपघातानंतर वजन कोणी केलेच नाही. माल भरतानाची वजनकाट्याची पावती आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) न्यायाधिकरणामार्फत मागवता येते का, आणि त्यासाठी अर्ज दाव्यासोबतच करावा का?

कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी चूक सिद्ध न करता अडीच लाख रुपये मिळतात, मात्र ती रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ चा, म्हणजे चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचा, दावा संपुष्टात येतो, असे वाचनात आले. आतापर्यंतचा दवाखान्याचा खर्चच चार लाखांच्या पुढे गेल्यामुळे आमचा कल १६६ कडे आहे. त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत दावा दाखल करावा लागेल. तो दाजी राहतात त्या जिल्ह्यात करता येतो हे ठाऊक आहे. मात्र रोजंदारीच्या वेल्डरचे उत्पन्न कोणत्या कागदावर दाखवावे, हे ज्यांनी असा दावा चालवला आहे त्यांनी कृपया सांगावे.