जांभ्याच्या भिंतीला सिमेंट नको
जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा दिला की घर पक्कं होतं, हे म्हणणं मला पटत नाही. राजापूरकडच्या आमच्या आजोळच्या घराला तेच केलं होतं. जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि सिमेंट ती ओल बाहेर सोडत नाही. दोन पावसाळ्यांत पोपडे धरले. शेवटी सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला, तेव्हा कुठे भिंती सुकल्या. खिडक्या मूळच्याच ठेवल्या, गजांसकट.

आणि कौलं फुटली म्हणून पत्रा घालू नका, कळकळीने सांगतो. पडक्या घरांची मंगलोरी कौलं मिळतात. फक्त जुळवून बघायला आपलं एक कौल सोबत न्या. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली कारखाना काढल्यावर पुढे कितीतरी कारखाने निघाले. सगळ्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसतातच असं नाही.